जुनी लक्झरी एसयूव्ही: बॅटरी बसते, एअरबॅगचा दिवा जात नाही आणि आता जळका वास. चालवावी का?

शंकासुर

नमस्कार मंडळी. सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही घेतली आहे. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव लिहिलं की धागा 'यांच्या गाड्या अशाच' या वळणाला लागतो आणि प्रश्न राहतो बाजूला. साधारण दहा वर्षांची, डिझेल, ऑटोमॅटिक, एअर सस्पेन्शन, छतभर काचेचं सनरूफ. बॅटरी पुढच्या सीटखाली आहे. इंजिन, गिअरबॉक्स झकास. तक्रार आहे ती सगळी विजेची.

गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही. नवीन बॅटरी टाकून झाली, फरक शून्य. जंप देऊन सुरू केली की डॅशबोर्डवर आरास लागते: एबीएस, ट्रॅक्शन, सस्पेन्शन, पार्किंग ब्रेक. थोडं अंतर गेलं की एकेक दिवा विझतो, एअरबॅगचा मात्र कायम. मागची डावी काच अधूनमधून स्वतःच खाली येते, पाऊस झाला की जास्तच. मागची एक बाजू सकाळी बसलेली असते. गाडी लॉक करून निघालो तरी मागून घरघर ऐकू येते, बहुतेक सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर.

हे सगळं मी सहन करत होतो. पण आता ड्रायव्हरशेजारच्या सीटचा हीटर लावला की प्लास्टिक जळाल्यासारखा वास येतो. त्या हीटरचा फ्यूज मध्ये दोनदा उडाला होता. गॅरेजमधल्या मुलाने 20 चा काढून 30 चा बसवला आणि म्हणाला, "आता उडणार नाही." खरंच उडाला नाही. वास त्यानंतरच सुरू झाला.

एक गॅरेज म्हणतं बॉडी कंट्रोल मॉड्यूल (काच, दिवे, लॉक सांभाळणारा छोटा संगणक) बदला. दुसऱ्याने स्कॅनर लावला, बिघाडांच्या कोडची लांबलचक यादी हातात दिली आणि म्हणाला विकून टाका. घरचे रोज याच गाडीतून जातात. गाडी चालवणं सुरक्षित आहे का आणि शोध कुठून सुरू करू? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दिडशहाणा

विका. लक्झरी गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, तारतम्य येतीलच.

तारतम्य

आलो. गाड्यांचं वायरिंग हेच माझं पोट आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी वासाचं, बाकी सगळं थांबू शकतं. तो 30 चा फ्यूज आत्ता काढा. त्या जागी 20 चासुद्धा लावू नका, जागा रिकामी ठेवा. सीटचा हीटर नसल्याने कुणाचं काही अडत नाही. वास कुठून येतो ते सापडेपर्यंत गाडीत कुणाला बसवू नका, तुम्हीही चालवू नका. आणि ती घराला चिकटून किंवा बंद गॅरेजात लावू नका, उघड्यावर ठेवा.

त्या मुलाने काय केलं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी त्याचा हात धराल. फ्यूज हीटरच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. तार किती जाड आहे त्यावर फ्यूज ठरतो. 20 अँपिअरसाठी घातलेल्या तारेतून 30 जाऊ दिले तर प्रवाह दीडपट होतो, पण तारेत तयार होणारी उष्णता सव्वादोनपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ही तार गालिच्याखालून, फोमला लागून गेलेली असते. वितळायला सुरुवात झाली की ती शेजारच्या चार तारांचं आवरणही घेऊन जाते. पिवळ्या (20 च्या) फ्यूजच्या जागी हिरवा (30 चा) दिसला की मी त्या गाडीचं बाकी काम थांबवतो आणि ती तार टोकापासून टोकापर्यंत बघतो.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही, तरी सांगतो. योग्य फ्यूज असला तरी आग लागू शकते. कपलर (दोन तारा जोडणारी प्लास्टिकची डबी) सैल झाला, त्यातली पिन हिरवी पडली, की तिथे अडथळा तयार होतो. समजा 0.1 ओहम, म्हणजे साध्या मीटरवर धड दिसणारही नाही इतका. त्यातून 20 अँपिअर गेले की त्या एका पिनेवर 40 वॅट उष्णता. सोल्डरिंग गनचं टोक प्लास्टिकच्या डबीत कोंबून ठेवावं तसं ते. फ्यूज मजेत असतो, कारण त्याच्या हिशेबाने प्रवाह मर्यादेतच आहे. म्हणून काम करताना फ्यूज शाबूत आहे का एवढंच विचारून भागत नाही. कपलर उघडून बघायचा: प्लास्टिक तपकिरी झालंय का, पिनेचा रंग उडालाय का, वास येतोय का. सीटखालचे कपलर तर सीट पुढे-मागे करून ओढले जातात, तिथून सुरुवात करा.

आता बॉडी कंट्रोल मॉड्यूल. कशावरून बदला म्हणाले? काच, दिवे, लॉक हे सगळं त्याच्याकडे आहे, म्हणून तोच दोषी? माझ्याकडे 'मॉड्यूल गेलाय' म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये मॉड्यूल ठणठणीत असतो. त्याला पोचणारी वीज किंवा त्याचा अर्थ (विजेची बॉडीकडे परतीची जोडणी) खराब असतो. या गाड्यांत डझनावारी मॉड्यूल असतात आणि ते एकमेकांशी कॅन बसवर बोलतात, म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवर. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं की यातले काही जण क्षणभर गप्प होतात. बाकीचे 'अमक्याचा आवाज येत नाही' अशी नोंद करतात. यू अक्षराने सुरू होणारे कोड हेच सांगतात. तुमच्या यादीत ते भरपूर असणार. जंप दिल्यावर आरास लागते आणि चालवल्यावर विझते, यावरूनच मला वाटतं मूळ दुखणं पुरवठ्यात आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. कोडची पूर्ण यादी जपून ठेवा, मग पुसा. बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा, काही तास तशीच राहू द्या आणि मोजा. एजीएम (काचेच्या जाळीत आम्ल शोषून ठेवलेली) बॅटरी असेल तर 12.7-12.8 व्होल्ट दिसायला हवेत. 12.2 म्हणजे अर्धी संपली. सेल्फ मारताना 10 च्या खाली जाते का बघा. मग एक माणूस सेल्फ मारत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. 0.2-0.3 च्या आसपास व्होल्ट दिसले तर ठीक. अर्धा-पाऊण दिसला तर इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी सडलीय, मॉड्यूलला शिव्या देण्यात अर्थ नाही. आता परत येणारे कोड बघा. जे येतील तेवढेच खरे.

आणि हो, चार्जर लावताना निगेटिव्ह चिमटा थेट बॅटरीच्या खुंटीवर नको, बॉडीच्या अर्थवर लावा. या गाड्यांत निगेटिव्ह खुंटीवर सेन्सर असतो, तो आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब ठेवतो. चिमटा खुंटीवर लावला की त्याच्या वहीत ती वीज चढतच नाही. नवीन बॅटरी टाकल्यावर ती स्कॅनरने गाडीला 'कळवली' होती का, तेही विचारा. नाहीतर गाडी अजून जुनी, थकलेली बॅटरी समजून चार्ज करत असते.

एक शेवटचं, बॅटरी सीटखाली आहे म्हणून. तिला गॅस बाहेर नेणारी बारीक नळी असते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, तो केबिनमध्ये साचता कामा नये. घाईने बॅटरी बदलणारे ती नळी जोडायची विसरतात. आजच बघा.

निवांत पथिक

तारतम्य, प्रतिसाद जपून ठेवला आहे. थोडी भर घालतो.

विजेचा दोष म्हणजे फार तर गाडी सुरू होणार नाही, असं आपल्याला वाटतं. चालत्या गाडीत सगळी वीज गेली तर काय होतं, त्याचं सार्वजनिक उदाहरण आहे. 2018 मध्ये बीएमडब्ल्यूने ब्रिटनमध्ये 3 लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. त्यात 1 सीरिज, 3 सीरिजबरोबर एक्स1 ही एसयूव्हीही होती. दोष होता वीजपुरवठ्याच्या जोडणीत. त्यामुळे गाडी चालता चालता बंद पडू शकत होती आणि ब्रेकचे दिवेही जाऊ शकत होते. म्हणजे अंधारात रस्त्यावर काळी, अदृश्य गाडी. दुसरं उदाहरण सप्टेंबर 2023 चं. ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत मिळून सुमारे 34 लाख गाड्या परत बोलावल्या आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराबाहेर, इमारतीपासून लांब लावा असं मालकांना सांगितलं. ब्रेकच्या नियंत्रण युनिटमध्ये द्रव गळून शॉर्ट होण्याची आणि बंद गाडीलाही आग लागण्याची शक्यता होती. तारतम्य यांनी 'उघड्यावर ठेवा' सांगितलं, ते उगाच नाही.

शंकासुर, तुमच्या गाडीचा चासी नंबर कंपनीकडे देऊन रिकॉलचं काही काम बाकी आहे का विचारा. गाडीने मालक बदलला की रिकॉलची पत्रं जुन्याच पत्त्यावर जातात. काम फुकट होतं.

किल्लीमालक

बॅटरी बसण्याबद्दल. आधीच्या मालकाने काय काय जोडून ठेवलंय ते शोधा. ट्रॅकर, डॅशकॅम, अ‍ॅम्प्लिफायर, ओढगाडीच्या हुकाचं वायरिंग. माझ्या गाडीत स्टिअरिंगखाली कुणीतरी मूळ तारेला चिमटा मारून तार काढली होती आणि ती कुठेच जात नव्हती! नुसती हवेत लोंबकळत, वर टेपची गुंडाळी. पॉझिटिव्ह होती.

कीलेस चावी गाडीच्या अगदी जवळ टांगत असाल तर तीही लांब ठेवून बघा. काही गाड्या चावीची चाहूल लागली की पुन्हापुन्हा जाग्या होतात.

शंकासुर

सर्वांचे मनापासून आभार. फ्यूज काढला. गाडी उघड्यावर उभी आहे, घरचे दुसरीकडून सोय करून जातात.

जे दिसलं ते लिहितो. गॅसची नळी जोडलेलीच नव्हती, सीटखाली लोंबत होती. सीटच्या हीटरचा कपलर एका कडेला तपकिरी झालाय आणि हाताने हलतो. आणि मुख्य म्हणजे सीट काढली तेव्हा गालिचा वरून कोरडा वाटला, पण दाबला तर खालच्या फोममधून पाणी आलं. बऱ्यापैकी पाणी. त्याच बाजूला गालिच्याखाली एक मॉड्यूल आहे, त्याच्या कपलरमध्ये हिरवी पावडर दिसते.

गाडी पुरात बुडालेली असेल का? विकणाऱ्याने तसं काही सांगितलं नव्हतं. आणि सीटखाली एक पिवळा कपलर आहे, तो मीटरने तपासू का? एअरबॅगचा दिवा त्यामुळेच असेल असं वाटतं.

तारतम्य

पिवळ्याला मीटर लावू नका!

पिवळा कपलर म्हणजे एअरबॅग किंवा बेल्ट आवळणाऱ्या यंत्राची तार. त्याच्या टोकाला स्फोटक भरलेलं असतं आणि ते पेटवायला फार थोडी वीज लागते. मीटर ओहमवर ठेवला की तो स्वतः तारेतून प्रवाह सोडतो. सीट काढताना बॅटरी सोडवली होती ना? निगेटिव्ह काढल्यावरही एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये काही काळ वीज साठलेली असते, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबूनच पिवळ्या कपलरला हात लावायचा. दिवा लागलेला आहे याचा अर्थ यंत्रणेने स्वतःलाच नापास केलंय. अपघातात बॅग उघडेल याची खात्री नाही. पाणी गेलेलं असताना नको तेव्हा उघडणार नाही, याचीही हमी मी देणार नाही. हे काम एअरबॅगचा स्कॅनर असलेल्या माणसाकडे. आणि ती सीट बसवून सगळे कपलर जोडल्याशिवाय इग्निशन चालू करू नका, नाहीतर आणखी कोड पडतील.

आता पाणी. मला हेच सापडायची वाट होती, कारण 'पाऊस झाला की काच जास्त खाली येते' हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं. पुराचीच गाडी असेल असं नाही. पुराची खूण बघायची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाळाची आडवी रेघ राहिलेली असते. स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटच्या रुळांच्या फटीत वाळलेला चिखल शोधा. तसं काही नसेल तर संशय सनरूफवर. सनरूफ पाणी अडवत नाही, तो ते गोळा करतो आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली सोडतो. नळी पानं-धुळीने तुंबली किंवा खांबाच्या आत निसटली, की पाणी थेट गालिच्याखाली. वरचा थर वाळतो, खालचा फोम महिनोन्‌महिने ओला राहतो. आणि कारखान्यातल्या हुशार मंडळींनी मॉड्यूल बसवले कुठे? नेमके तिथेच.

वरून एका कोपऱ्यात पेलाभर पाणी ओता आणि चाकाजवळ खाली पडतं का बघा. चारही कोपरे बघा. नळीत जोराची हवा मारू नका, सांधा आतल्या आत सुटतो. मऊ नायलॉनचा दोरा घाला. पाणी नीट पडत असेल तर काचेखालचा पुढचा पन्हाळ आणि दारांच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर तपासा. गळती बंद झाल्याशिवाय वायरिंगला हात लावण्यात पैसे घालू नका.

गालिचा पूर्ण काढून फोम वाळवा. पंखा मारून चालत नाही, दोन्ही बाजूंनी उघडा पडला पाहिजे. मॉड्यूल उघडून बघा. पावडर फक्त कपलरच्या पिनेवर असेल तर पिना बदलून तो वाचतो. सर्किटवर आत पोचली असेल तर गेला. हिरव्या पडलेल्या तारेचं आवरण थोडं सोलून बघा, पाणी तांब्याच्या धाग्यांमधून आत चढतं. धागे काळे पडलेले दिसतील तिथपर्यंतची तार कापून टाकायची. वरवर स्प्रे मारून कपलर परत बसवणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. आणि तो तपकिरी कपलर पिनांसकट नवीन, दोन्ही बाजूंचा. हीटरचा फ्यूज दोनदा का उडाला तेही शोधायचंय: सीटच्या आतली हीटरची जाळी तुटून शॉर्ट होते कधीकधी, ती मोजून घ्या.

हे झालं की मग बॅटरी कोण खातंय ते शोधायचं. त्याआधी शोधलंत तर ओला मॉड्यूल तुम्हाला रोज वेगळं उत्तर देईल. निगेटिव्ह केबलभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावा, मिलीअँपिअर दाखवणारा. बॉनेट आणि दारांची कुलुपं उघड्या स्थितीतच स्क्रू-ड्रायव्हरने 'बंद' करा म्हणजे गाडीला वाटेल सगळं लागलंय. लॉक करा, चावी लांब न्या आणि थांबा. मॉड्यूल झोपायला अर्धा तास, कधी तासही घेतात. लोक पाच मिनिटांत मोजतात आणि घाबरतात. शेवटी 50 मिलीअँपिअरच्या आत यायला हवं, म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास. अर्धा अँपिअर राहिला तर दिवसाला 12, मग 80-90 अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाभरात झोपते. तुमची दोन दिवसांत झोपते, तेव्हा आकडा बराच मोठा येईल.

फ्यूज उपटून शोधू नका, उपटून परत लावला की झोपलेले जागे होतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना लावा. शून्य नसेल त्या फ्यूजमधून वीज जातेय. माझी पैज त्या घरघरणाऱ्या कॉम्प्रेसरवर. सस्पेन्शनचा मागचा हवेचा फुगा गळत असणार, गाडी बसते, गाडी स्वतःच जागी होऊन तिला उचलायला बघते. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच, म्हणजे रिले, तोही चिकटलेला असू शकतो. मग कॉम्प्रेसर थांबतच नाही, तापतो, आणि त्याच्या तारेलाही तेच होतं जे तुमच्या हीटरच्या कपलरला झालं. गळका फुगा आणि रिले दोन्ही बदला, एकच बदलून उपयोग नाही. आणि जॅकवर घेताना आधी सस्पेन्शनचा जॅक मोड लावा. फुग्यावर टेकलेल्या गाडीखाली कधीच शिरू नका.

पथिक यांनी चालत्या गाडीत वीज जाण्याचं लिहिलंय, तर घरात जो कुणी चालवेल त्याला सांगून ठेवा. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरती शिल्लक असते, म्हणून पेडल पुन्हापुन्हा मारायचा नाही, एकदाच घट्ट दाबून धरायचा. कडेला घ्या, खाली उतरा. धूर असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडकतं. माणसं लांब न्या आणि अग्निशमनला फोन.

दिडशहाणा

माझा 'विका' हा सल्ला मागे. या अवस्थेत विकली तर घेणाऱ्याच्या घरात आग.

अवांतर: माझ्याकडे हायब्रिड एसयूव्ही आहे, तीही अधूनमधून सुरूच होत नाही. हीच पद्धत तिला चालेल का? बॉनेटखाली जाड नारिंगी तारा आहेत.

तारतम्य

12 व्होल्टच्या बाजूला चालेल. हायब्रिडमध्येही छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते. मोठी बॅटरी जोडणारे मोठे विजेचे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, तिच्यावरच ओढले जातात, त्यामुळे ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. बॅटरी डिकीत असेल, मोजून बघा.

नारिंगी तारांना हात नाही. त्यात शेकड्यांनी व्होल्ट असतात. गाडी बंद असली तरी आणि 12 ची खुंटी काढली तरी नाही. त्यासाठी सर्व्हिस प्लग काढून, थांबून, शून्य व्होल्ट मोजून, रबरी हातमोजे घालून काम करणारा प्रशिक्षित माणूस लागतो. मी स्वतः ते काम घेत नाही, पुढे पाठवतो.

शंकासुर, कॉम्प्रेसरच्या फ्यूजवरचे मिलिव्होल्ट आणि फ्यूजचा अँपिअर इथे टाका, त्यावरून प्रवाह काढून देतो.